थांबवायचा अधिकार कोणाकडे?

१० जुलै २००८ रोजी सर्गेई वोल्कोव्ह आणि ओलेग कोनोनेन्को हे दोन रशियन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर पडले ते एक बोल्ट काढण्यासाठी. स्थानकाला लागलेल्या सोयूझ टीएमए-१२ यानाचे भाग परतीच्या वाटेवर एकमेकांपासून सुटावेत म्हणून सांध्यावर स्फोटक बोल्ट बसवलेले असतात, त्यांतला हा एक. आधीची लागोपाठ दोन सोयूझ याने, टीएमए-१० आणि टीएमए-११, उतरताना ठरलेली वाट सोडून खाली आली होती. टीएमए-११ ची कुपी तर नेमलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर पडली आणि आतल्या तिघांना आपल्या वजनाच्या आठपट भार सोसावा लागला. संशय या बोल्टांवर होता. म्हणून फुगलेल्या हातमोज्यांतून, जिवंत स्फोटक हाताळत, दोघांनी तो बोल्ट सोडवला, आत स्फोट झाला तरी फुटणार नाही अशा डब्यात बंद केला आणि तपासणीसाठी पृथ्वीवर न्यायला ठेवला.

साडेतीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबरला, टीएमए-१२ ची कुपी खाली आली तेव्हा तिसऱ्या आसनावर रिचर्ड गॅरियट होते. ‘अल्टिमा’ या गाजलेल्या कॉम्प्युटर गेम मालिकेचे कर्ते. वडील ओवेन गॅरियट नासाचे अंतराळवीर. मुलाची नजर अधू, त्यामुळे नासाचे दार त्याला लहानपणीच बंद झाले होते. तिकीट काढल्यावर तपासणीत यकृतावर गाठ निघाली, तर उड्डाणापायी त्यांनी शस्त्रक्रियाही करून घेतली. बोल्टांचा घोळ त्यांच्या उड्डाणाआधी जगजाहीर झालेला होता. तरी ते गेले, आणि कझाकस्तानच्या माळावर नीट उतरले.

सॉफ्टवेअर, नेटवर्क, माहितीची सुरक्षा अशा कामांत हयात घालवलेल्या माणसाला पगार मिळतो तोच ‘हे कुठे मोडेल?’ असे सतत विचारण्याबद्दल. बॅकअप घेतला का, घेतला तर परत चढवून पाहिला का, रोलबॅकची सोय आहे का, रात्री दोनला फोन कोण उचलणार. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नये, हा आमच्यातला अलिखित कायदा. दुधाने तोंड भाजलेली ही मंडळी ताकही फुंकून पितात. अशा माणसापुढे कोणी अंतराळाचे तिकीट ठेवले तर तो जाईल का? मला वाटते, जाईल. पण त्याच्या अटी इतरांहून वेगळ्या असतील. धोक्याचा आकडा ऐकून तो फार वेळ अडणार नाही. ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे, आणि तसे कोणी म्हटल्यावर लोक खरोखर थांबतात का, हे कळेपर्यंत मात्र तो आसनाचा पट्टा आवळणार नाही.

आजवर कोण गेले ते आधी पाहू. स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकावर पोहोचलेला पहिला माणूस डेनिस टिटो. एप्रिल २००१ मध्ये सुमारे २ कोटी डॉलर मोजून ते गेले; त्याआधी जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत अभियंता होते आणि पुढे गुंतवणुकीच्या धंद्यात शिरले. त्यांच्या पाठोपाठ २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ गेले. यांची कमाईच मुळी इंटरनेटवरच्या विश्वासाची: ‘थॉट’ ही त्यांची कंपनी संकेतस्थळांना सुरक्षेची डिजिटल प्रमाणपत्रे देत असे. लिनक्सवर आधारलेली उबुंटू ही प्रणाली त्यांनी नंतर उभी केली. २००६ मध्ये दूरसंचार क्षेत्रातल्या अनुशेह अन्सारी गेल्या. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्ड आणि एक्सेलची जडणघडण ज्यांच्या हाताखाली झाली ते चार्ल्स सिमोनी २००७ मध्ये गेले आणि २००९ मध्ये पुन्हा गेले. सिमोनींची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. २००७ मध्ये ते ज्या यानातून वर गेले ते होते टीएमए-१०, म्हणजे सहा महिन्यांनी उतरताना वाट चुकलेल्या दोन यानांतले पहिले. आपण ज्यात बसून गेलो त्या यानाने पुढे दगा दिला, हे पुरते ठाऊक असताना दोन वर्षांनी ते पुन्हा सोयूझमध्ये बसले. यात मला बेफिकिरी दिसत नाही. दोष सापडला, त्याचा पाठपुरावा झाला, जिवंत स्फोटक हाताळण्याचा धोका पत्करून पुरावा हाती घेतला गेला आणि नंतरच्या कुप्या नीट उतरल्या. आमच्या धंद्यात बग सापडलेल्या प्रणालीवर आम्ही रागावतो खरे, पण भरवसाही तिच्यावरच ठेवतो. ज्या प्रणालीत आजवर एकही बग सापडला नाही ती नीट तपासली गेली नसावी, अशी शंका येते.

हे सगळे गडगंज लोक, आणि एवढा पैसा स्वतःवर लावणारा माणूस मुळातच धाडसी असणार, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणून पगारदारांकडे वळू. सप्टेंबर २०२१ च्या ‘इन्स्पिरेशन-४’ मोहिमेत ख्रिस सेम्ब्रोस्की नावाचे डेटा इंजिनिअर होते. लहान मुलांच्या कर्करोग रुग्णालयासाठी देणग्या गोळा करण्याच्या सोडतीत त्यांच्या मित्राचे नाव निघाले आणि त्याने ती जागा यांना देऊन टाकली. तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून ते कामावर परतले. मला अधिक बोलकी वाटते ती सप्टेंबर २०२४ ची ‘पोलारिस डॉन’ मोहीम. चौघांपैकी सारा गिलिस आणि अ‍ॅना मेनन या स्पेसएक्सच्याच अभियंत्या. गिलिस यांचे रोजचे काम अंतराळवीरांना, ज्यातून ही मोहीम गेली त्याच ड्रॅगन यानाचे प्रशिक्षण देण्याचे. कशात काय बिघडू शकते याची यादी ज्यांना तोंडपाठ, त्याच आसनावर बसल्या. या यानाला हवाबंद दालन नव्हते. अंतराळात बाहेर डोकवायचे तर सगळ्या कुपीतली हवा काढून टाकावी लागली आणि चौघेही पोशाखाच्या भरवशावर पोकळीत राहिले. हेच उड्डाण ऑगस्टअखेरीस जमिनीवरच्या जोडणीतून हेलियम गळते म्हणून पुढे ढकलले गेले होते, आणि नंतर परतीच्या दिवशीचे हवामान साथ देईना म्हणून आणखी लांबले. थांबण्याची सवय असलेली मोहीम होती ती.

आता आकडे. कक्षेकडे माणसे घेऊन निघालेली उड्डाणे आजवर साडेतीनशेच्या आसपास झाली. त्यांतल्या चार उड्डाणांत माणसे दगावली: १९६७ ची सोयूझ-१, १९७१ ची सोयूझ-११, आणि शटल या अमेरिकी यानांपैकी १९८६ ची चॅलेंजर व २००३ ची कोलंबिया. एकूण १८ जीव. म्हणजे साधारण नव्वद उड्डाणांमागे एक घातक. प्रवासी विमानांत हे प्रमाण काही दशलक्ष उड्डाणांमागे एक असे असते, हे लक्षात घेतले की अंतर कळते. स्पेसएक्स आणि बोईंग यांना नासाने घातलेली अट अशी की माणसे गमावण्याची शक्यता २७० मोहिमांत एकाहून जास्त असता कामा नये. पण या आकड्यांचा इतिहास जाणणारा माणूस त्यांच्याकडे जरा बिचकूनच पाहतो. चॅलेंजरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळले, की अपघाताची शक्यता अभियंते शंभरात एक सांगत होते आणि वरचे व्यवस्थापन लाखात एक. पुढे शटल निवृत्त होण्याच्या सुमारास नासाने मागे वळून पुन्हा गणित मांडले, तेव्हा सुरुवातीच्या उड्डाणांतला धोका नवात एक निघाला. त्या काळी आत बसलेल्यांपैकी कोणालाही हे माहीत नव्हते. नवी यंत्रणा किती धोक्याची आहे हे ती बरीच वापरून झाल्यावरच कळते, तोवर कागदावरचा आकडा मांडणाऱ्याच्या मनातली आशा सांगतो.

सॉफ्टवेअरच्या माणसाला खरी धास्ती असते सॉफ्टवेअरची, आणि तिला आधार आहे. ४ जून १९९६ ला एरियन-५ हे नवे युरोपीय रॉकेट उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली गेली आणि मावली नाही. तो कोड एरियन-४ वरून जसाच्या तसा उचललेला. जुन्या रॉकेटचा वेग कमी, म्हणून तिथे हे कधी घडले नव्हते. राखीव यंत्रणेतही तोच कोड होता, त्यामुळे ती मुख्य यंत्रणेच्याही क्षणभर आधी बंद पडली. एकाच चुकीच्या दोन प्रती ठेवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, हे त्या दिवशी उघड्यावर दिसले. त्या रॉकेटवर माणसे नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये बोईंगचे स्टारलायनर निघाले तेव्हाही आत कोणी नव्हते, पण ते माणसांसाठीच बांधलेले यान होते. त्याचे घड्याळ ११ तासांनी चुकले. उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हेच त्याला उमगेना, नको तेव्हा थ्रस्टर झाडून त्याने इंधन उधळले आणि स्थानक गाठण्याचा बेत रद्द झाला. मग जमिनीवर घाईघाईने बाकीचा कोड चाळताना दुसरी चूक सापडली: परतताना सुटा होणारा मागचा भाग कुपीवरच आदळू शकला असता. कुपी वातावरणात शिरण्याच्या काही तास आधी दुरुस्ती वर पाठवली गेली. मूळ कारण ओळखीचे आहे. चाचण्या तुकड्यातुकड्याने घेतल्या होत्या; रॉकेटपासून यान वेगळे होते तिथे एक चाचणी संपे, आणि उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सलग कोणी चालवून पाहिले नव्हते. ‘माझ्या मॉड्यूलच्या टेस्ट पास आहेत’ हे वाक्य ज्याने मीटिंगमध्ये ऐकले आहे त्याला हे वाचताना घाम फुटतो.

उलट बाजूही सांगायला हवी. शटलवर चार संगणक एकच प्रोग्रॅम चालवत आणि एकमेकांना तपासत. पाचव्यावर वेगळ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम असे, म्हणजे एरियनची गत होऊ नये. नासाच्या व्यवस्थापनावर कोरडे ओढणाऱ्या फाइनमन यांनी या सॉफ्टवेअरच्या तपासणीची मनापासून तारीफ केली. त्याच अहवालात त्यांनी बजावले, की एवढ्या चाचण्या कशाला, खर्च कमी करा, असे सुचवणाऱ्यांना दाद देऊ नये. इतकी चोख यंत्रणा असूनही शटल दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा संगणक निर्दोष होते.

दोन्ही वेळा काय झाले होते, ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी युटामधल्या मॉर्टन थायोकॉल या बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते नासाशी फोनवर बोलत होते. बूस्टरचे सांधे बंद करणारी रबरी कडी थंडीत कडक होतात, साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असे रॉजर बॉयजोली आणि त्यांचे सहकारी आलेख पुढे ठेवून सांगत होते. दुसऱ्या दिवशीचा अंदाज गोठणबिंदूच्या आसपासचा. नासाकडून नाराजी आली. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आले, की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. सल्ला फिरला. केप कॅनाव्हरलला हजर असलेल्या अ‍ॅलन मॅकडोनल्ड यांनी सही द्यायला नकार दिला, तेव्हा सही युटाहून मागवली गेली. सकाळी उड्डाण झाले आणि ७३ सेकंदांनी सातही जण गेले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळामास्तरीण होती. आदल्या रात्रीचा तो फोन तिच्या कानावर कोणी घातला नव्हता.

कोलंबियाच्या वेळी तर सोळा दिवस हाती होते. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर सुमारे ८० सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. पंखाचे फोटो घेऊन पाहा, अशी मागणी अभियंत्यांकडून पुन्हा पुन्हा झाली आणि दर वेळी वरच्यावर जिरली. फोम आधीही पडत आला होता, काही बिघडले नव्हते, हेच सुरक्षेचे प्रमाण मानले गेले. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परतीच्या वाटेवर गेले. कर्नालच्या या मुलीने स्वतः एरोस्पेस अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली होती. धडकेची बातमी यानातल्या चमूला कळवली होती, पण काळजीचे कारण नाही या शब्दांत.

म्हणून २०२४ चे स्टारलायनर मला महत्त्वाचे वाटते. जूनमध्ये बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स त्यातून आठेक दिवसांसाठी गेले. हेलियम गळू लागला, काही थ्रस्टर बंद पडले. बोईंगचे म्हणणे होते की यान माणसांना आणू शकेल. नासाने २४ ऑगस्टला निर्णय दिला, की रिकामेच आणा. सप्टेंबरमध्ये ते रिकामे उतरले, आणि व्यवस्थित उतरले. बऱ्याच वर्तमानपत्रांनी दोघे ‘अडकले’ असे छापले, ‘सुटका’ कधी होणार याचे काउंटर लावले. मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परत येईपर्यंत २८६ दिवस झाले होते. माझ्या मते त्या वर्षातला अंतराळातला सर्वांत चांगला निर्णय तोच. यान सुखरूप उतरले म्हणून निर्णय चुकला असे म्हणणारे नशीब आणि सुरक्षा यांत गल्लत करतात. कोलंबियाच्या वेळी हीच गल्लत झाली होती.

असाच निर्णय आपल्याकडच्या लोकांनीही घेतला. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेवर निघायचे होते. फाल्कन-९ मध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. पूर्ण दुरुस्ती झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला, हे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. शेकडो उड्डाणे केलेले रॉकेट, त्याच्या मालकांपुढे जाऊन ‘थांबा’ म्हणायला हिंमत लागते, विशेषतः साडेपाचशे कोटी रुपयांच्या घरात खर्च झालेला असताना. तारीख पुढे गेली, २५ जूनला उड्डाण झाले, १५ जुलैला शुक्ला परत आले.

कक्षेपर्यंत न जाता दहाएक मिनिटांत वर जाऊन खाली येणाऱ्या सहलींचे गणित वेगळे आहे. ब्लू ओरिजिनचे न्यू शेपर्ड हे रॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये माणसांविना उडताना इंजिनच्या बिघाडाने गेले. कुपी मात्र सुटकेच्या रॉकेटने बाजूला होऊन पॅराशूटने उतरली. हिशेबी माणसाला हे अपयश दिलासा देईल, कारण सुटकेची यंत्रणा खऱ्या संकटात चाललेली सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर माणसे घेऊन गेलेल्या पहिल्या उड्डाणात, मे २०२४ मध्ये, आंध्रचे गोपी थोटाकुरा होते. उतरताना तीनपैकी एक पॅराशूट पुरते उघडले नाही, पण दोनवर भागेल अशीच रचना असल्याने सगळे सुखरूप राहिले. व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या यानात मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी यांनी शेपटीचे कुलूप वेळेआधी उघडले आणि यानाचे तुकडे झाले. ते स्वतः त्यात गेले. चौकशीने बोट ठेवले ते रचनेवर: एका माणसाची एक चूक सर्वनाश ओढवू शकते, हे यान बांधणाऱ्यांनी गृहीतच धरले नव्हते. एका चुकीच्या कमांडने सगळा डेटाबेस उडणारी व्यवस्था दिसली तर आम्ही टंकणाऱ्याला दोष देत नाही, तशी मुभा ठेवणाऱ्याला देतो.

आणि कायदा? अमेरिकेत २००४ च्या कायद्याने अंतराळ प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करण्यावर बंदी घातली, धंदा बाल्यावस्थेत आहे म्हणून. कंपनीने प्रवाशाला लेखी कळवायचे, की हे यान सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र सरकारने दिलेले नाही, आणि प्रवाशाने समजून सही करायची. आठ वर्षांची ही सवलत वेळोवेळी वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आली आहे. समजून सही करण्याला माझा विरोध नाही. समजण्यासाठी हाती काय दिले जाते, हा प्रश्न आहे. जून २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे गेलेली टायटन पाणबुडी पाच जणांसह चिरडली. तिथेही सह्या घेतल्या होत्या. कोणत्याही स्वतंत्र संस्थेने ती पाणबुडी तपासलेली नव्हती, आणि आतून आक्षेप घेणाऱ्या अधिकाऱ्याला कंपनीने २०१८ मध्येच काढून टाकले होते.

गगनयानाबद्दल आपल्याकडे उत्साह आहे आणि तो असावा. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने घडतात, वालचंदनगरात रॉकेट मोटरची कवचे. हे काम करणाऱ्या अनेकांच्या घरी मराठी बोलली जाते. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती, सगळा देश टीव्हीसमोर. उलटी गणना पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने उड्डाण रोखले. कारण शोधून, दुरुस्त करून, त्याच सकाळी चाचणी झाली. कुपी समुद्रात उलटी तरंगली, तर तेही पुढच्या कामाच्या यादीत गेले. पहिल्या समानव उड्डाणाची तारीख कितीदा पुढे गेली याची टिंगल समाजमाध्यमांवर चालते. तारीख पुढे गेलेली मला चालते. जाणाऱ्यांच्या घरच्यांनाही चालत असणार.

घरच्यांचा विषय निघालाच आहे. सावध माणसाचा नकार पुष्कळदा स्वतःसाठी नसतो. गृहकर्ज, शाळेतली मुले, म्हातारे आईवडील. नव्वदात एक हा धोका एकट्याने पत्करणे वेगळे आणि त्यांच्या वतीने पत्करणे वेगळे. मुले हाताशी आलेला पन्नाशीचा अभियंता जे कबूल करील ते तिशीतला करणार नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. माझ्यापुरते सांगायचे तर कोणत्याही नव्या यानाच्या पहिल्या काही उड्डाणांत मी बसणार नाही, मग बांधणारा कोणीही असो. ज्याचा अपघात किंवा अपघाताची हुलकावणी लोकांसमोर झाली, तपास उघड झाला आणि सुटकेची यंत्रणा प्रत्यक्ष वापरली गेली, त्यात बसेन. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोयूझचा बूस्टर सुटताना एका वाकलेल्या सेन्सरमुळे रॉकेट मोडले, अलेक्सेई ओव्हचिनिन आणि निक हेग कुपीसह दूर फेकले जाऊन वाचले, आणि पाच महिन्यांनी तेच दोघे पुन्हा सोयूझमध्ये बसले. त्यांना दोष कुठे होता ते सांगितले गेले होते.

तिकीट विकणाऱ्या कंपन्यांनी तेवढे तरी सगळ्यांना सांगावे: किती वेळा उड्डाण रोखले, कोणी रोखले, कशासाठी, आणि कोणाचा आक्षेप बाजूला सारून पुढे गेले. आज हे कंपनीच्या मर्जीवर आहे. सवलत संपायला २०२८ उजाडेल. त्याआधी ही मागणी लावून धरायला हवी, आणि बिघाडानंतरचे पोस्टमॉर्टेम लिहिण्यात वर्षानुवर्षे घालवलेली आमच्या क्षेत्रातली माणसे ती सर्वांत नेमक्या शब्दांत करू शकतील.